साधूची लंगोटी आणि पांढरा पक्षी

आजीने सांगितलेली साधूची गोष्ट आठवते ना? रानात झोपडी बांधून राहिलेला साधू. संपत्ती काय, तर दोन लंगोट्या. एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरची लंगोटी रोज उंदीर कुरतडायचा. गावकरी म्हणाले, महाराज, मांजर पाळा. मांजर आलं, त्याला दूध हवं म्हणून गाय आली, गाईला चारा हवा म्हणून जमीन आली, जमीन कसायला गडी आला, आणि एवढा बारदाना सांभाळायला घरात कुणी नको का, म्हणून बायको आली! काही वर्षांनी गुरू भेटायला आले, तर त्यांना शिष्याची झोपडीच सापडेना. शिष्य हात जोडून म्हणाला, ‘गुरुजी, हा सगळा पसारा एका लंगोटीपायी!’

आपण हसायचो आणि झोपी जायचो. पण मैत्रिणींनो, ही गोष्ट खरोखर घडलेली आहे. तीही आपल्याच हिंदी महासागरात. भारताच्या टोकावरून खाली खाली जात राहिलं, की दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या थंडगार, सदा वादळी समुद्रात मेरियन नावाचं एक बेट लागतं. केपटाऊनपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर. तिथे गाव नाही, बाजार नाही, झाडही नाही. दक्षिण आफ्रिकेचं एक हवामान आणि संशोधन केंद्र तेवढं आहे. तिथेही उंदीर आला, मग मांजर आलं, आणि मग पसारा वाढत गेला. फरक इतकाच, की या पसाऱ्याची किंमत साधूने मोजली नाही. ती मोजतोय एक पक्षी, ज्याचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या पक्ष्याचं नाव अल्बाट्रॉस. त्याच्या एकंदर बावीस जाती मानतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या अंगाच्या ज्या, त्यांतलाच हा ‘वाँडरिंग’ म्हणजे भटका अल्बाट्रॉस. केवढा मोठा, ते सांगते. दोघी मिळून साडीची घडी घालताना एक पदर धरते, दुसरी दुसरं टोक धरून मागे मागे जाते. सहावारी साडी असते साधारण साडेपाच मीटरची. त्यातले दोन मीटर वजा करा. उरलेले साडेतीन मीटर म्हणजे या पक्ष्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचं अंतर! सगळेच काही इतके लांब भरत नाहीत, पण तीन मीटर तर सहज. आज पृथ्वीवर जिवंत असलेल्या कुठल्याही पक्ष्याचे पंख इतके पसरत नाहीत.

आणि एवढे पंख असून तो ते फारसे फडफडवत नाही. त्याच्या खांद्यात निसर्गाने एक कडीच बसवून दिली आहे. पंख उघडले की शिरेची ती कडी बसते आणि पंख ताणलेलेच राहतात, स्नायूंना ते धरून ठेवायचा त्रास नाही. मग वाऱ्यावर चढायचं, वळायचं, लाटेपर्यंत घसरत यायचं, पुन्हा चढायचं. असा तासन् तास. शास्त्रज्ञांनी त्याचे हृदयाचे ठोके मोजले तेव्हा दिसलं, की तरंगत असताना ते जवळजवळ बसल्याजागी असतात तेवढेच पडतात. म्हणजे आपण आरामखुर्चीत बसून जेवढे दमतो, तेवढाच हा उडताना दमतो! १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झुव्हन्तां आणि वायमर्सकिर्श या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी काही भटक्या अल्बाट्रॉसच्या अंगावर छोटी यंत्रं लावून उपग्रहावरून त्यांचा माग काढला. घरट्यात जोडीदाराला अंड्यावर बसवून अन्नाच्या शोधात निघालेले हे पक्षी एका खेपेत ३६०० ते १५००० किलोमीटर हिंडून आले. काश्मीर ते कन्याकुमारी रस्त्याने जा, परत या, पुन्हा जा आणि पुन्हा परत या. एका खेपेत!

पण मला या पक्ष्याच्या उडण्यापेक्षा त्याच्या संसाराचं जास्त अप्रूप वाटतं.

पिल्लू घरट्यातून उडालं की पाच-सहा वर्षं ते जमिनीला पाय लावत नाही. समुद्रावरच खायचं, लाटांवरच विसावायचं. मग एक दिवस ज्या बेटावर जन्म झाला, तिथेच परत येतं. आल्याबरोबर लग्न नाही बरं का. आधी नाच शिकायचा. पंख पसरायचे, मान आभाळाकडे करायची, चोच चोचीला भिडवून टकटक करायची, एकमेकांभोवती फिरायचं. सुरुवातीला पाच-सहा तरुण मंडळींचं टोळकं जमतं आणि सगळा गोंधळ असतो. दरवर्षी थोडा सराव, थोडी निवड. अशी काही वर्षं गेल्यावर एक जोडीदार पक्का होतो. पहिलं अंडं पडेपर्यंत पक्षी दहा-अकरा वर्षांचा झालेला असतो. आणि एकदा जमलं की ती जोडी सहसा मरेपर्यंत टिकते.

अंडं एकच. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात. चिखलाचं आणि गवताचं एक उंचवट्यासारखं घरटं, त्यावर जवळजवळ ऐंशी दिवस बसायचं. आणि हे काम मादीवर टाकून नर गावगप्पा मारत हिंडत नाही! दोन-तीन आठवडे ती उपाशी बसते तेव्हा तो समुद्रावर असतो, तो आला की ती उठते, तो बसतो. मार्चमध्ये पिल्लू बाहेर आलं, की महिनाभर आळीपाळीने त्याला ऊब द्यायची. त्यानंतर मात्र दोघांनाही कमवायला जावं लागतं, कारण एकाच्या कमाईत भागत नाही. (हे वाचताना ओळखीचं वाटलं ना?) मग पिल्लू एकटंच घरट्यावर बसून राहतं. संपूर्ण हिवाळाभर. बर्फ पडतं, वारा झोडपतो आणि ते मऊ लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू जागचं हलत नाही. आई येते, बाप येतो, हाक मारतात, माकुळांचा आणि माशांचा तेलकट घास त्याच्या चोचीत ओततात आणि पुन्हा निघतात. असे नऊ-दहा महिने! पोरगं मध्ये तर आईबापांपेक्षा वजनदार होतं. पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते उडतं. तोवर वर्ष संपलेलं असतं, त्यामुळे त्या हंगामात दुसरं अंडं घालायला सवडच नसते. दोन वर्षांत एक मूल, तेही जगलं तर.

हा हिशेब नीट लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथे आहे. चिमणीचं घरटं मोडलं तर ती महिन्याभरात दुसरं अंडं घालते. अल्बाट्रॉसने आपलं सगळं गाठोडं एका लेकरावर लावलेलं आहे. लाखो वर्षं ते बरोबर चाललं, कारण मोठी झालेली मंडळी खूप जगतात. पन्नास वर्षं सहज. उत्तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरची ‘विस्डम’ ही लेसान जातीची, या कुळातली लहान चणीची मादी. १९५६ साली तिच्या पायात शास्त्रज्ञांनी ओळखीचा वाळा घातला. म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधी! तेव्हाच ती अंडं घालण्याच्या वयाची होती. २०२४ च्या नोव्हेंबरात, निदान चौऱ्याहत्तर वर्षांच्या या आजीने अंडं घातलं आणि पुढच्या जानेवारीत त्यातून पिल्लूही बाहेर आलं. अशा पक्ष्यांच्या बाबतीत एखाददुसऱ्या वर्षी पिल्लं गेली तरी चालतं. पण दरवर्षी पिल्लंही जाऊ लागली आणि मोठेही जाऊ लागले, तर मग वंश वर येत नाही. आणि लवकर कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण म्हातारे पक्षी वर्षानुवर्षं येतच राहतात.

आता त्या लंगोटीकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात सील मारायला आलेल्या जहाजांमधून मेरियनवर उंदीर उतरले. आपल्या स्वयंपाकघरात डब्यांमागे पळतो ना, तोच पिटुकला, पंधरा-वीस ग्रॅमचा. जहाजं गेली, उंदीर राहिले. पुढे दक्षिण आफ्रिकेने बेट ताब्यात घेतलं आणि १९४८ च्या सुमारास हवामान केंद्र उभारलं. केंद्रातल्या माणसांना उंदरांचा जाच होऊ लागला. मग काय, तुम्ही-आम्ही जे केलं असतं तेच त्यांनी केलं. मांजरं आणली. पाच!

मांजराला उंदीर पकडायला मेहनत करावी लागते. आणि मेरियनवर तर जमिनीत बिळं करून राहणारे छोटे समुद्रपक्षी लाखोंनी होते, ज्यांनी आयुष्यात मांजर पाहिलेलं नव्हतं. १९७५ च्या आसपास त्या पाचांची दोन हजारांवर मांजरं झाली होती आणि वर्षाला साडेचार लाखांच्या घरात पक्षी फस्त करत होती. पक्ष्यांच्या काही जाती तर बेटावरून दिसेनाशा होऊ लागल्या. मग मांजरांना हटवायची मोहीम निघाली. १९७७ मध्ये मांजरांचाच एक आजार मुद्दाम सोडला. त्याने पुष्कळ मेली, पण सगळी नाही. मग रात्री दिवे घेऊन, बंदुका घेऊन, सापळे लावून माणसं वर्षानुवर्षं चिखलात आणि बर्फात हिंडली. १९९१ मध्ये शेवटची मांजरं संपली.

सगळ्यांना हायसं वाटलं. आणि उंदीर?

उंदीर तिथेच होते. आता त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. त्यात हवाही बदलत गेली. बेटावरचे उन्हाळे जास्त उबदार आणि कोरडे होऊ लागले, त्यामुळे उंदरांना पिल्लं घालायला जास्त महिने मिळाले. ते बिया खात, किडे खात, अळ्या खात. खाऊन खाऊन तेही संपत आलं. आणि हिवाळ्यात, जेव्हा खायला काहीच उरत नाही, तेव्हा बेटावर एकच अन्न असतं: घरट्यावर एकटं बसलेलं, जागचं न हलणारं पिल्लू.

२००३ मध्ये मेरियनवर पहिल्यांदा भटक्या अल्बाट्रॉसचं पिल्लू उंदरांनी कुरतडलेलं आढळलं. त्यानंतर ते वाढतच गेलं. उंदीर रात्री येतात, पिल्लाच्या पाठीवर, डोक्यावर चढतात आणि खायला लागतात. पिल्लू उंदराहून शेकडो पटींनी मोठं असतं, चोच तर बोट तुटेल अशी असते. पण ते काही करत नाही. फार तर अस्वस्थ होऊन हलतं, पुन्हा बसतं. त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षांत जमिनीवरून येणारा शत्रू पाहिलेलाच नाही, त्यामुळे याच्याशी काय करायचं हे त्याला माहीतच नसतं. काही रात्रींत जखम मोठी होते आणि ते मरतं. कुठे तरी दूर लाटांवर त्याची आई चोचीत नव्हे, पोटात त्याचा घास साठवून परत निघालेली असते.

हे छायाचित्रांत पाहिलं तेव्हा मला दोन दिवस चैन पडलं नाही. तुम्हाला जास्त तपशील सांगत नाही.

पुढे आणखी वाईट घडलं. २०२३ मध्ये मेरियनवर मोठे, पूर्ण वाढ झालेले भटके अल्बाट्रॉस उंदरांनी मारल्याचं पहिल्यांदाच नोंदवलं गेलं. पिल्लू गेलं तर दोन वर्षांची मेहनत जाते. मोठा पक्षी गेला तर त्याची पुढची तीस वर्षं जातात, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचा संसारही मोडतो. त्याला किंवा तिला पुन्हा नाचापासून सुरुवात करावी लागते, त्यात आणखी काही वर्षं. जगातल्या भटक्या अल्बाट्रॉसपैकी साधारण एक चतुर्थांश या एका बेटावर घरटी करतात. बेटावर वीण करणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या २८ जातींपैकी १९ जाती उंदरांमुळे तिथून नाहीशा होतील, अशी भीती अभ्यासकांना वाटते.

बेटावर हे, आणि समुद्रावर? तिथे गळ आहेत. ट्यूना वगैरे मासे पकडणारी मोठी जहाजं लांबच लांब दोर पाण्यात सोडतात. काही दोर शंभर किलोमीटरपर्यंत, त्यावर हजारो गळ, प्रत्येक गळाला आमिष. गळ बुडायच्या आधी, जहाजाच्या मागे तो पाण्यावर असतो तेव्हाच अल्बाट्रॉस झडप घालतो. गळ चोचीत अडकतो आणि दोराबरोबर पक्षीही खाली ओढला जातो. ऑस्ट्रेलियाच्या नायजेल ब्रदर्स यांनी १९९१ मध्ये अंदाज मांडला, की दक्षिणेकडच्या समुद्रात एकट्या जपानी ट्यूना जहाजांच्या गळांवर वर्षाला ४४ हजार अल्बाट्रॉस मरतात. तेव्हा कुठे जगाला जाग आली.

आणि इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. भटक्या अल्बाट्रॉसचे नर दक्षिणेला, थंड पाण्याकडे जास्त जातात. माद्या जातात उत्तरेकडे, उबदार पाण्याकडे. ट्यूनाची जहाजंही त्याच उबदार पाण्यात! त्यामुळे गळावर मरणाऱ्यांत माद्या जास्त. हिंदी महासागरातल्याच क्रोझे बेटांवर फ्रेंच शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मोजणी केली, तेव्हा माद्या कमी आणि नर जास्त असं चित्र दिसलं. न्यूझीलंडच्या अँटिपोडीस बेटावरच्या अल्बाट्रॉसचंही तसंच. म्हणजे कल्पना करा, हंगामात बेटावर नर येतो, जुन्या जागी उभा राहतो, आभाळाकडे मान करून हाका मारतो, आणि ती येतच नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. उत्तरेकडच्या पाण्यात जाऊन चारा आणणं ही तिची वाटणी होती, आणि तिच्याच वाटणीच्या वाटेवर गळ होते.

यातली काही जहाजं चोरूनही मासेमारी करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच शास्त्रज्ञांनी १६९ अल्बाट्रॉसच्या अंगावर जहाजांचं रडार ओळखणारी छोटी यंत्रं लावली. पक्षी जहाजाजवळ गेला, की उपग्रहावरून निरोप. त्यातून कळलं, की भेटलेल्या जहाजांपैकी शेकडा अठ्ठावीस जहाजांनी आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवलं होतं. कुठल्याही देशाची हद्द नसलेल्या खुल्या समुद्रात तर हे प्रमाण शेकडा सदतीस. ज्याला जहाजं मारतात, त्या पक्ष्यानेच पोलीसपाटलाचं काम केलं!

तरी गळांच्या बाबतीत एक बरं आहे. त्यावरचा उपाय इतका सोपा आहे, की ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? दोराला वजनं लावा म्हणजे गळ पटकन बुडतील. दोर रात्री सोडा, अल्बाट्रॉस तेव्हा फारसा खात नाही. आणि जहाजाच्या मागे एक दोरी ओढत न्या, तिला रंगीत फिती बांधा. वाऱ्याने त्या फडफडतात आणि पक्षी बिचकून लांब राहतात. झालं. शेतातलं बुजगावणंच ते, फक्त समुद्रावरचं.

आफ्रिकेतल्या नामिबिया देशाच्या किनाऱ्यावर अल्बाट्रॉसच्या लहान चणीच्या जाती आणि इतर समुद्रपक्षी गळांवर फार मरायचे. तिथल्या वॉल्विस बे या बंदराच्या गावात बायकांचा एक गट आहे, ‘मेमे इटुम्बापो’. तिकडच्या ओशिवाम्बो भाषेत मेमे म्हणजे आई. या बायका जहाजांसाठी त्या फितींच्या दोऱ्या बनवतात आणि विकतात. म्हणजे आपल्या बचत गटाने पापड-लोणची करावीत, तसं त्यांनी बुजगावणी केली. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने जहाजांना या दोऱ्या सक्तीच्या केल्या. त्याआधी २००९ मध्ये तिथल्या गळाच्या मासेमारीत वर्षाला बावीस हजारांच्या आसपास पक्षी मरत होते. २०१८ साली ती संख्या अंदाजे २१५ वर आली! बर्डलाइफ या संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या अल्बाट्रॉस पथकाची माणसं जहाजांवर जाऊन खलाशांबरोबर राहिली, पटवत राहिली, हेही खरं. पण दोरी वळली ती त्या मेमेंनी.

उंदरांचं मात्र इतकं सोपं नाही. मेरियन बेट आहे सुमारे तीस हजार हेक्टरांचं. सापळे लावायचे म्हटले तर किती लावणार? पुन्हा मांजर आणायचं तर कुणी नावच काढत नाही! राहता राहिलं विष. बर्डलाइफची दक्षिण आफ्रिकेतली संस्था आणि तिथलं सरकार मिळून हेच करायचं ठरवताहेत. ऐन हिवाळ्यात, उंदीर भुकेले असताना आणि बरेच पक्षी समुद्रावर गेलेले असताना, हेलिकॉप्टरमधून सुमारे सहाशे टन विषारी दाणे बेटावर टाकायचे. शेतात पाभर चालवतो तशा पट्ट्यापट्ट्यांनी, एकही जागा न सुटता.

विष म्हटलं की पोटात कालवतं, मान्य आहे. उंदीर म्हणजे आपल्याकडे गणपतीचं वाहन. त्याने तरी काय गुन्हा केला? तो स्वतःहून त्या बेटावर गेला नव्हता, जहाजांमधून आपणच त्याला तिथे नेलं. भूक लागली, समोर होतं ते त्याने खाल्लं. शिवाय विषाने काही पक्षीही मरतील, मेलेले उंदीर खाणारे वगैरे. योजना आखणारी माणसंही ते लपवत नाहीत. मी बराच विचार केला, आणि माझं मत विषाच्या बाजूने पडलं. एकदाच काही लाख उंदीर मारायचे, की दरवर्षी हिवाळाभर पिल्लं जिवंत कुरतडली जाऊ द्यायची, असा तो प्रश्न आहे. त्यातलं एक तरी निवडावंच लागतं. काहीच न करणं हेही दुसरं निवडण्यासारखंच. तुमचं मत वेगळं असू शकेल.

बरं, विष टाकलं की काम फत्ते, असंही नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये गॉफ नावाचं ब्रिटिशांचं बेट आहे. ट्रिस्टन अल्बाट्रॉस जवळजवळ फक्त तिथेच घरटी करतो, आणि तिथलेही उंदीर पिल्लं खातात. २०२१ मध्ये इतक्या दूर हेलिकॉप्टर नेऊन, वर्षानुवर्षांच्या तयारीने विष टाकलं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आणि त्याच डिसेंबरात बेटावरच्या एका कॅमेऱ्यात दिसला... उंदीर. एखादी गाभण उंदरीण जरी शिल्लक राहिली, तरी सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. विस्डम आजीच्या मिडवे बेटावरही उंदीर पक्ष्यांना खाऊ लागले होते. तिथेही २०२३ मध्ये मोहीम झाली आणि तिथेही उंदीर उरले. ज्यांनी आयुष्याची दहा-दहा वर्षं यात घातली, त्यांना ते कॅमेऱ्यातलं चित्र पाहून काय वाटलं असेल!

पण जिथे जमलं तिथेही पाहायला हवं. अँटिपोडीस बेटासाठी न्यूझीलंडच्या लोकांनी वर्गणी जमवली, मोहिमेचं नाव ठेवलं ‘मिलियन डॉलर माऊस’. २०१६ मध्ये विष टाकलं आणि दोन वर्षं शोधूनही एक उंदीर सापडला नाही, तेव्हा २०१८ साली बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. त्याच वर्षी साउथ जॉर्जिया हे मेरियनपेक्षा कितीतरी मोठं बेटही घुशी-उंदरांतून मोकळं झाल्याचं जाहीर केलं गेलं. जिथे अनेक पिढ्या गाणारा पक्षी दिसत नव्हता, तिथे आता पिपिट नावाचे इवले पक्षी पुन्हा गाताहेत.

मेरियनसाठीही वर्गणी चालू आहे. तिथल्या लोकांनी एक युक्ती केली. बेटाचे हेक्टर पाडले आणि एक हेक्टर एक हजार रँडला ‘दत्तक’ दिला. रँड म्हणजे तिकडचा रुपया. कुणी वाढदिवसाला मुलाच्या नावाने एक हेक्टर घेतो, कुणी गेलेल्या माणसाच्या आठवणीत. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव घालतात ना, तसंच. एवढे पैसे, एवढी हेलिकॉप्टरं, तीही वादळांच्या समुद्रात, त्यामुळे तारीख पुढे पुढे सरकते आहे. मधल्या काळात २०२४ मध्ये बर्ड फ्लू मेरियनवर पोहोचला, हे आणखी एक दुखणं.

आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हा, मेरियनवरून नुकतंच उडालेलं एखादं पिल्लू दक्षिणेकडच्या समुद्रावर असेल. त्याला उडायला कुणी शिकवलं नाही. आईबाप त्याच्याबरोबर गेले नाहीत. एका वादळी सकाळी घरट्याच्या कडेला उभं राहून त्याने पंख उघडले, खांद्यातली कडी बसली आणि वाऱ्याने त्याला उचललं. आता पाच-सहा वर्षं ते जमीन पाहणार नाही. मग एका उन्हाळ्यात ते मेरियनवर उतरेल, लांब पाय टाकत गवतातून चालत जाईल आणि तिथे जमलेल्या टोळक्यात नाच शिकायला उभं राहील. तोवर बेटावर ते सहाशे टन दाणे पडून गेलेले असतील की नाही, हे अजून ठरायचं आहे.